चंदाबाईचे सात शेवट

तेंदूपत्त्याच्या खरेदीची फळी बंद होऊन दोनच दिवस झाले होते. पंधरा दिवस अंधारातच जंगलाकडे पळणारं मोहटोला आता उन्हं अंगणात येईपर्यंत खाटेवर लोळत होतं. चंदाबाई भोयरच्या चुलीवर रात्रीच्या भाताला फोडणी बसली होती. तिचे यजमान गुणवंतराव अंगणात दात घासत घासत शेजारच्या कोंबड्याला शिव्या देत होते, कारण त्या कोंबड्याला त्यांच्याच छपरावर आरवायची सवय होती.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

मोहटोल्यात कडी कोणी वाजवत नाही. इथला माणूस रस्त्यावरूनच हाक मारतो आणि हाक संपायच्या आत ओसरीवर येऊन बसतो. कडी वाजली म्हणजे एक तर सरकारी माणूस, नाहीतर लग्नाची पत्रिका.

दारात हेमराज उभे होते, सावली गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. बारा किलोमीटर मोपेड चालवून आलेले, केसांवर धूळ आणि हातात एक घडी केलेला कागद.

"या जी हेमराजभाऊ," गुणवंतराव म्हणाले. "पुस्तक वापस करायचं राह्यलं का काही?"

"नाई नाई, तुमचं कार्ड एकदम साफ हाये. मी वहिनीकडे आलो." हेमराज ओसरीवर टेकले. "वहिनी, रविवारी वाचनालयात कार्यक्रम हाये. वाचकानं उभं राहायचं आन आपल्या आवडीच्या कादंबरीवर पाच मिनिटं बोलायचं. दरवर्षी तेच चार मास्तर बोलतेत आन तेच चार मास्तर ऐकतेत. म्हनलं, यंदा मोहटोल्याच्या बाया आणू. सहा वर्षांत एकोणचाळीस कादंबऱ्या झाल्या तुमच्या कार्डावर! आन ऐकणाऱ्या किती म्हणता?"

"अकरा," चंदाबाई म्हणाली.

"बस, मंग अकराच्या अकरा आणा. गाडी मी पाठवतो. तुम्ही तं वाचता, तुमचं मत आमाले माहीत हाये. ऐकणाऱ्याचं मत पाह्यजे. हापशीवर नीलाबाई भेटल्या, त्या तं तयारच झाल्या. म्हणे, मले बोलायचंच होतं कोणाजवळ तरी."

चंदाबाईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. नीलाबाईला हापशीवर सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. चुलीवरचा भात खाली लागला, त्याचा वास ओसरीपर्यंत आला, तरी ती हलली नाही.

हेमराज चहा पिऊन गेले. गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "किती झाले व एकूण?"

"सात."

"बैलाचा धरून?"

"बैलाचा धरून."

"मेलो," गुणवंतराव म्हणाले आणि पुन्हा दात घासायला लागले.

हे सात काय, ते सांगायचं तर सहा वर्षं मागं जावं लागतं.

चंदाबाई मूल या तालुक्याच्या गावी बारावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन मोहटोल्यात आली तेव्हा सोबत स्टीलची दोन भांडी आणि वाचायचं वेड घेऊन आली. भांडी केव्हाच चेपली, वेड तसंच राहिलं. गुणवंतराव दर आठवड्याला सावलीच्या बाजाराला जायचे, तेव्हा हातातलं पुस्तक संपलं असलं की वाचनालयातून दुसरं बदलून आणायचे. पुस्तक निवडायची त्यांची रीत सोपी होती: जाड असावं आणि भाजीच्या पिशवीत बसावं. त्यामुळे घरात कोणती कादंबरी येईल याचा नेम नसायचा. एका वेळी खून, दुसऱ्या वेळी प्रेम, तिसऱ्या वेळी किल्ला, आणि एकदा तर माणसं यानात बसून दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलेली.

मे महिन्यात बाया पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडून आणतात. मग दुपारभर सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या फळीवर मुन्शीला नेऊन देतात. चंदाबाईची ओसरी मोठी आणि उत्तरेची, म्हणून अकरा जणी तिथंच पुडे बांधायला बसायच्या. पहिल्या वर्षी पाऊणेक तास गप्पा झाल्या की भांडण व्हायचं. भांडण टाळायला चंदाबाईनं एक दिवस पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. भांडण थांबलं. पुढं मोहफुलं निवडताना, चिंच फोडताना, पावसाच्या तोंडावर मोहाची टोळ, म्हणजे बिया, फोडतानाही वाचन चालू झालं.

मोहटोल्यात कादंबरीला माप मिळालं तेही पुड्यांमुळेच. गोष्ट रंगली की बायांचं मोजणं चुकायचं. कोणाच्या पुड्यात सदुसष्ट पानं, कोणाच्यात त्र्याहत्तर. संध्याकाळी फळीवर मुन्शी कपाळाला हात लावायचा, "मोहटोल्याच्या बायाहो, तुमाले सत्तरपर्यंत येत नाई का?" आणि बाया एकमेकींकडे पाहून हसायच्या. त्यातूनच बोली पडली. "बारा पुडे चुकले" म्हणजे कादंबरी एक नंबर. "दोनच चुकले" म्हणजे बरी, वेळ गेला. आणि सगळे पुडे सत्तरचे सत्तर भरले, तर त्या कादंबरीला मोहटोल्यात पुन्हा कोणी विचारत नसे. किल्ल्याच्या कादंबरीत मधली लढाई चाळीस पानं चालली, तेव्हा नीलाबाईनं सगळ्यांच्या आधी आपले पुडे बांधून टाकले आणि म्हणाली, "मारामारी होत राहू दे, तोवर माह्यं काम झालं."

नीलाबाई गेडाम पासष्टीची, मोहटोल्याच्या जंगलाकडच्या टोकाला राहणारी. घरात गोंडी, बाहेर झाडीपट्टीची मराठी. अक्षर एक ओळखत नव्हती, पण चाळीस पानांपूर्वी कोणत्या पात्रानं कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं होतं ते सांगायची. तिच्या शेजारी रुखमा, पन्नाशीची, जिभेनं तिखट. ती गोष्टीतल्या खलनायकाला असं झोडपायची की रस्त्यावरून जाणारा माणूस घाबरून पाहायचा. रुखमाची सून स्वाती दहावी झालेली, पण तिला वाच म्हटलं की "मले नाई जमत" म्हणून पदरात तोंड लपवायची.

पहिल्याच वर्षी एका विहिरीची कादंबरी आली. सुगंधा नावाची बाई, छळणारं सासर, बोलायला कोणी नाही. ओसरीवर असं चित्त लागलं की त्या आठवड्यात मुन्शीनं अर्धे पुडे परत पाठवले. चंदाबाईला रात्री शेवट आधी वाचून ठेवायची सवय होती. तिनं वाचला आणि झोप उडाली. शेवटी सुगंधा विहिरीत उडी घेते.

रुखमाची मोठी बहीणही विहिरीतच गेली होती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, रुखमापुढे कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवटची दोन पानं आली तेव्हा ओसरीवर एकही हात हलत नव्हता. चंदाबाईनं एकदा रुखमाकडे पाहिलं, पुस्तक जरा उंच धरलं आणि वाचायला लागली. पुस्तकात नव्हतं ते. सुगंधा काठावर उभी राहिली, तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली, ती वळली, घरी आली आणि तिनं चहा ठेवला.

रुखमानं जोरात श्वास सोडला. "वाचली व माय," ती म्हणाली, आणि पुन्हा पानं मोजायला लागली.

तिथं गोष्ट थांबायची. पण चटक वाईट. पुढच्या वर्षी फौजीच्या कादंबरीत फौजी मरत होता, त्याला तिनं घरी आणलं. डॉक्टरच्या कादंबरीत डॉक्टरनं दुसरीशी लग्न केलं होतं, ते तिनं मोडलं. किल्ला पडत होता, तिथं मदतीला फौज पाठवली. खुनाच्या कादंबरीत खून म्हाताऱ्या मोलकरणीनं केलेला निघाला, पण ती मोलकरीण नीलाबाईची फार लाडकी होती, म्हणून चंदाबाईनं खून वकिलाच्या गळ्यात घातला. ग्रहावरचं यान कधीच परत येत नव्हतं, तेही तिनं आणलं. आणि बैलाची कादंबरी वाचताना तर गुणवंतराव दाराआड उभे राहून ऐकत होते. रात्री म्हणाले, "चंदा, बैल मारू नको. पाया पडतो." बैल उठून उभा राहिला.

हे ते सात शेवट. आणि रविवारी अकरा बाया सावलीच्या वाचनालयात, ज्यांनी ती पुस्तकं खरोखर वाचली होती अशा लोकांपुढं, उभ्या राहून त्यावर मत सांगणार होत्या. हसतील ते बायांना हसतील. "अडाणी बाया, काहीच्या काही सांगतेत" म्हणतील. आणि बाया तिला विचारतील, सहा वर्षं तू आमाले काय वाचून दाखवलं? मग त्या ओसरीवर कशाला येतील?

शनिवारपर्यंत चंदाबाईनं आपल्या परीनं धरण बांधून पाहिलं. घरोघरी फिरून तिनं न बदललेल्या कादंबऱ्या वाटल्या.

"रुखमा, तू भुताच्या कादंबरीवर बोल."

"बोलन ना. थे भूत मले आवडलं. माह्या सासूसारखं होतं, दिसे नाई पण समदं ऐके."

"नीलाबाई, तुम्ही त्या पहिलवानाच्या..."

"मी विहिरीवाल्यावर बोलन," नीलाबाई म्हणाली.

"अवो, ती जुनी झाली. पहिलवानाची चांगली हाये."

"पहिलवानाचा एक पुडा चुकला फक्त. विहिरीवाल्याचे बारा. मी बाराच्यावर बोलन, एकच्यावर काऊन बोलू?"

चंदाबाई तशीच मागं फिरली. घरी आल्यावर गुणवंतराव म्हणाले, "खरं सांगून टाक. गाडीत बसल्या बसल्या सांग."

रविवारी काळीपिवळी जीप आली. अकरा जणी ठेवणीतली लुगडी नेसून आठ माणसांच्या गाडीत बसल्या. चंदाबाई पुढं ड्रायव्हरजवळ. तिनं दोनदा मान वळवली आणि दोनदा परत घेतली. मागं रुखमा भाषणाचा सराव करत होती, "आदरणीय भूतप्रेमी बंधू-भगिनींनो," आणि बाकीच्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. त्या हसण्यात कुठं शब्द घुसवावा, ते तिला कळलं नाही, आणि तेवढ्यात सावली आलीच.

वाचनालयाच्या खोलीत चाळीसेक खुर्च्या. समोर टेबलावर हेमराजनं ज्या ज्या कादंबऱ्यांवर बोलणं होणार होतं त्या मांडून ठेवलेल्या. पहिले दोन मास्तर बोलले. एकानं कादंबरीपेक्षा स्वतःच्या बदल्यांबद्दल जास्त सांगितलं. मग रुखमा उठली आणि तिनं भुताची बाजू अशी मांडली की पंखा बंद पडलेल्या खोलीत लोक घाम पुसत पुसत हसले. "भुतानं कोणाचं काई बिघडवलं नाई. घरवाल्यांनीच एकमेकाचं बिघडवलं आन नाव भुताचं. मले विचाराल तं त्या घरात एकच शहाणा होता, आन थो मेलेला होता." टाळ्या पडल्या.

मग नीलाबाई. माईक तिनं हातानं बाजूला सारला.

"कादंबरी चांगली हाये," ती म्हणाली. "सुगंधाचा सासरा, तिची जाऊ, समदे खरे वाटतेत. माह्ये बारा पुडे चुकले. पण शेवट खोटा हाये."

चंदाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"बाई विहिरीच्या काठावर उभी राह्यते. मागून हाक येते. वापस येते, चहा ठेवते. आता मले सांगा जी, ज्या बाईले तीनशे पानं कोणी हाक मारली नाई, तिले तीनशे एकाव्या पानावर कोण हाक मारन?" ती थांबली, घोटभर पाणी प्यायली. "आन दुसरी गोठ. फौजीच्या कादंबरीत थो मरायले टेकते, तिथीबी मागून हाक येते. डॉक्टर लग्नाले उभा राह्यते, तिथीबी मागून हाक. आन घरी आलं का चहा. लेखक येगयेगळे हायेत ना? का समदे एकाच गावचे?"

खोली हसली. पहिल्या रांगेतले निवृत्त मास्तर मात्र मागं वळले. "बाई, तुमची काहीतरी गल्लत होत आहे. सुगंधा परत येत नाही. ती उडी मारते. मी चारदा वाचली आहे."

"नाई जी. चहा ठेवते."

"उडी मारते."

हेमराजनं टेबलावरचं पुस्तक उचललं, शेवटचं पान काढलं, वाचलं. मग मोठ्यानं न वाचता त्यांनी चंदाबाईकडे पाहिलं. त्यांच्या मागोमाग नीलाबाईनं पाहिलं. मग एकामागून एक बाकीची दहा मुंडकी वळली.

चंदाबाई उभी राहिली.

"नीलाबाई बरोबर सांगून राह्यल्या. शेवट खोटाच हाये. सुगंधाले पुस्तकात कोणी हाक मारत नाई. हाक मी मारली."

एक प्राध्यापक खुर्चीवर पुढं सरकले, त्यांचे डोळे चमकले. "किती कादंबऱ्यांत असं केलंत तुम्ही?"

"सात," ती म्हणाली. "बाया चुकल्या नाईत. त्यांनी जे ऐकलं त्याच्यावर त्या बोलल्या. चूक माझी हाये."

प्राध्यापक आणखी काही विचारत होते, कोणी टाळ्याही वाजवल्या, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती रुखमाकडे पाहत होती. रुखमा आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होती.

परतीच्या गाडीत आठ जणांच्या जागेत बारा जणी असूनही कोणाचा कोणाला धक्का लागला नाही, इतक्या त्या गप्प बसल्या. मोहटोल्याचा फाटा आला तेव्हा नीलाबाई एकदाच म्हणाली, "मी म्हनलंच होतं."

दुसऱ्या दिवशीपासून टोळ फोडायचं काम निघालं. मोहाची टोळ वाळवून दगडानं फोडायची आणि आतला गर तेलाला काढायचा. बाया चंदाबाईच्या ओसरीवर आल्या नाहीत. रुखमाच्या अंगणात कडुलिंबाखाली बसल्या. दोन घरं सोडून दगडांचा ठक-ठक आवाज येत होता.

"भांडून राह्यल्या," गुणवंतराव कान देऊन म्हणाले.

"काय म्हणून?"

"कोणाच्या टोपल्यातली टोळ कोणाच्यात गेली म्हणून. सहा वर्षांत पहिल्यांदा."

ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती आणि मोडत होती. माफ करा म्हणावं, तर कशाबद्दल? सुगंधाला वाचवल्याबद्दल? ते तिला अजूनही चूक वाटत नव्हतं. चूक ही की, विचारलं नाही. ऐकणारीला सोसेल की नाही, ते तिनं एकटीनं ठरवून टाकलं होतं.

बुधवारी गुणवंतराव बाजारातून परत आले तेव्हा पिशवी फाटायला आली होती. वांगी नाही, टमाटे नाहीत. आत सात कादंबऱ्या.

"एका कार्डावर एकच देतेत ना?" तिनं विचारलं.

"हेमराजभाऊनं देल्ल्या. म्हणे, ह्या पुस्तकायची दुरुस्ती बाकी हाये." ते हसले. "आता तू जा. भाजी मी उद्या आणतो."

ती पिशवी घेऊन रुखमाच्या अंगणापर्यंत गेली आणि कुंपणाशी थबकली. आतले दगड थांबले. शेवटी रुखमाच ओरडली, "आता उभी काय राह्यली? हाक मार ना व! पुस्तकात तं सात-सात जागी मारली, माह्या अंगणात लाज वाटते का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. चंदाबाई आत आली आणि पिशवी खाली ठेवली. "खरे शेवट आणले," ती म्हणाली. "ऐकायचे असन तं वाचतो. मी तुमाले विचारलं नाई, थे चुकलं."

"बस," नीलाबाईनं टोपली सरकवून जागा केली. "आधी खुनाची काढ. मले त्या वकिलावर भरवसाच नव्हता."

तीन दुपारी लागल्या. प्रत्येक शेवट वाचून झाला की दगड थांबवून मतं पडायची, लेखकाचा शेवट एका बाजूला आणि चंदाबाईचा दुसऱ्या.

खुनाच्या कादंबरीत मोलकरणीनंच खून केला होता हे ऐकून नीलाबाईनं हातातली टोळ परत टोपलीत टाकली. मग म्हणाली, "बरोबर केलं तिनं." रुखमानं कपाळावर हात मारला, "अवो, आपण त्या वकिलाले दोन वर्षं फुकट शिव्या देल्ल्या! माह्या बकऱ्याचं नाव वकील ठेवलं मी!" ही लेखकाकडे गेली. डॉक्टरची मात्र चंदाबाईनं जिंकली, एकमतानं. "लेखकाले अक्कल नाई," असा ठराव झाला. फौजीच्या खऱ्या शेवटात पोस्टमन पत्र घेऊन दारात उभा राहतो आणि घरातली बाई आधी त्याला पाणी देते. ते ऐकून सगळ्या हळूहळू मान हलवत राहिल्या. लेखक. किल्ल्याचं कोणाला काही पडलेलं नव्हतं, "पडू दे का राहू दे, लढाई संपली हे महत्त्वाचं." ग्रहावरचं यान परत येतच नाही हे कळल्यावर नीलाबाई म्हणाली, "मले तेव्हाच शंका आली होती. एवढं आभाळ सोडून थे बरोबर वैनगंगेच्या रेतीतच कसं उतरलं?" बैलाचा शेवट वाचला गेला तेव्हा बाया डोळे पुसत म्हणाल्या की, हा शेवट पुस्तकातून फाडून टाकावा. गुणवंतरावांना तसा निरोपही पाठवला.

सातवी तेवढी राहिली. पिशवीत एकटं पुस्तक. चंदाबाई ते काढेना.

"काढ," रुखमा म्हणाली.

"रुखमा, राहू दे ना व."

"सहा वर्षं तू माह्यासाठी बदललं. मी काही येडी नाई, तेव्हा नाई समजलं पण रविवारी गाडीत समजलं. काढ."

चंदाबाईनं पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीला आवाज बसला. तिनं पाणी घेतलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बसला. डोळ्यांपुढं अक्षरं होती, तोंडात मात्र तीच जुनी हाक येत होती.

कोपऱ्यात बसलेली स्वाती उठली. काही न बोलता तिनं चंदाबाईच्या हातातून पुस्तक घेतलं आणि वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तसं, सपाट, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. दीड पान होतं. सुगंधा विहिरीवर येते. पाण्याची गुंड, म्हणजे घागर, भरते. भरलेली गुंड काठावर नीट टेकवून ठेवते, सांडू नये म्हणून. मग जाते.

रुखमानं हातातला दगड खाली ठेवला.

"माह्या बाईनंबी गुंड भरून ठेवली होती," रुखमा म्हणाली. बहिणीबद्दल ती इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलत होती. "पाणी भरून मंग गेली. घरच्यायले कमी पडू नये म्हणून. लोक म्हणत, पाय घसरला असन. मी म्हणो, पाय घसरते तं गुंड काठावर कशी? कोणी ऐकेना. ह्या लेखकाले कसं माहीत झालं व?"

नीलाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. रुखमानं पदरानं तोंड पुसलं, नाक जोरात शिंकरलं आणि म्हणाली, "लेखक. हे लेखकाकडे टाका."

"मी ठेवतो चहा," नीलाबाई उठली. "ह्या गोठीत चहाच नाई कुठी, म्हणून बायाचं मन लागत नाई."

तेव्हा मात्र सगळ्याच हसल्या, रुखमासुद्धा, ओल्या डोळ्यांनी. चहा आला. कपबशांच्या आवाजात पुढचा कायदाही पक्का झाला. नीलाबाईनं बोटांवर मोजत सांगितला: पुस्तकात जे असन थे आधी वाचायचं, जसंच्या तसं, कोणी रडो का पडो. मंग चंदाबाईले जे सुचन थे तिनं येगळं सांगायचं. मंग मत. आन वैनगंगेत काई उतरवायचं नाई.

"कबूल?" रुखमानं विचारलं. "का आणखी काई हाये तुह्या मनात? सांग, आता लपवू नको."

चंदाबाईनं बशी खाली ठेवली. स्वाती अजून पुस्तक मांडीवर धरून बसली होती, शेवटच्या पानात बोट घालून.

"कबूल," चंदाबाई म्हणाली. "पहिल्या पानापासून मीच वाचीन, घसा बसला तरी वाचीन. माझं एकच म्हणणं हाये. शेवटची दोन पानं स्वातीनं वाचावी."